शेवटच्या अकरा खुंट्या

"कोनी सांगतलं साहेब तुमाले?" शाई लावलेला अंगठा कागदावर टेकवता टेकवता थांबून हेमलानं विचारलं.

"सांगाले कोन पाह्यजे? तुमच्या लोकायनं खुंट्या हलवल्या, म्हनून नाली बिघडली. मार अंगठा."

जानराव ओव्हरसियर हे बोलला खरा, पण हेमलाच्या तोंडाकडे बघायची त्याची छाती झाली नाही. तो झोपडीच्या कुडाकडे बघत राहिला. हेमला खदानीवरच्या बंजारा मजुरांचा मुकादम, साठी गाठलेला. त्यानं एकदा बायकोकडे, हिरीबाईकडे पाहिलं. तिनं ओढणी तोंडावर ओढली.

"चुकी झाली साहेब," हेमला म्हणाला आणि त्यानं अंगठा दाबला. वाद नाही की गाऱ्हाणं नाही. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर जानरावाला बरं वाटलं असतं.

कारण कागदावरचा मजकूर जानरावानंच रचला होता. तो धादांत खोटा आहे, हे त्याच्याइतकं पक्कं दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं.

मालेगावजवळच्या टेकडीवर सडकेच्या गिट्टीची खदान होती. तिथला मुरूम आणि दगडाची भुकटी पावसात वाहून तांड्याच्या विहिरीत जाऊ नये, म्हणून जानरावानं बेत आखला. टेकडीला वळसा घालून एक नाली न्यायची, तिचं पाणी बांधाच्या तळ्यात सोडायचं, गाळ तिथं बसू द्यायचा आणि निवळलेलं पाणी पुढे ओढ्याला लावायचं. बेत चांगला होता. दुर्बिणीचं यंत्र लावून, उतार मोजत मोजत त्यानं खुंट्या मारत नेल्या. खुंट्यांच्या रांगेनं हेमलाच्या माणसांनी खणायचं, अशी रीत.

शेवटच्या अकरा खुंट्या उरल्या आणि धोंड्याचा महिना आडवा आला. वाशीमच्या सासऱ्यानं, उकंडरावांनी, अधिक महिन्याचं म्हणून जावयाला जेवायला बोलावलं होतं. मोटर सुटायला आली होती. जानरावानं यंत्र पेटीत घातलं, अकरा खुंट्या नुसत्या नजरेनं मारल्या आणि वहीत उताराचे आकडे मनचेच भरले.

हिरीबाई तेव्हा तिथं उभी होती. "साहेब, नाली इथूनच जाईन काय?" तिनं विचारलं होतं.

"इथूनच," म्हणून तो मान वर न करता चालू लागला. सासरी अनारसे खाल्ले, चांदीची वाटी घेतली. जावईबापू खूश, सासरेबुवाही खूश.

आश्लेषाचा पाऊस लागला आणि सगळं उघडं पडलं. नाली तुंबली ती नेमकी त्या शेवटच्या अकरा खुंट्यांपाशी. तिथं तिचा तळ तळ्याकडे उतरायचा तो उलटा चढत होता. पाणी काठ फोडून निघालं आणि तांड्याची विहीर गाळानं भरून गेली.

जानरावानं यंत्र लावून पाहिलं, तर चढ चांगला हातभर. कुठं चुकलं ते ताडून बघायला वही उघडली, पण त्या पानावरचे आकडेच खोटे. त्यांना काय विचारणार? खदानीच्या मालकांनी जबाब मागितला तेव्हा त्याला आपली नोकरी दिसू लागली, आणि तिच्या आड हेमला. आपलं ठेवायचं झाकून, अशी म्हण आहे. जानरावानं तर आपलं उचलून दुसऱ्याच्याच अंगावर घातलं.

हेमलाची मुकादमी गेली. तांड्याच्या चाळीस माणसांचं काम सुटलं. विहीरही त्यांनीच उपसावी, असा मालकांचा हुकूम झाला.

खाई त्याला खवखवे. जानरावाला जेवण जाईना. तांड्यावरून जायचं टाळून तो लांबच्या वाटेनं खदानीवर जाऊ लागला, आणि त्याच वाटेवर आठव्या दिवशी हिरीबाई समोर आली. डोक्यावर दोन घागरी होत्या. पाणी आता कोसभरावरून आणावं लागत होतं. साहेबाला वाट द्यायला ती काट्यात उतरून उभी राहिली. "राम राम साहेब," म्हणाली. जानराव तिथूनच मागं फिरला.

तसाच तो वाशीमला मालकांकडे गेला.

"मालक, हेमलाचा कागद खोटा हाय. मीच रचून आनला. शेवटच्या अकरा खुंट्या मी यंत्र न लावता मारल्या. इहीर माह्यामुळं बुजली."

मालकांनी त्याला त्याच दिवशी काढून टाकलं. हेमलाची मुकादमी परत मिळाली, तांड्याचं काम सुरू झालं आणि विहीर खदानीच्या खर्चानं उपसायचं ठरलं. उकंडरावांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "जावईबापू, इतकं खरं बोलाले तुमाले कोनी सांगतलं होतं?"

चौथ्या दिवशी जानराव पेटी घेऊन मालेगावच्या मोटर अड्ड्यावर उभा होता. पुष्कळ दिवसांनी त्याला मान वर करून उभं राहता येत होतं. तेवढ्यात हेमला आणि हिरीबाई लगबगीनं आले. हेमलानं एकदम त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अरे, उठ! माह्या कायले पाया पडून राह्यला?"

"आमच्यासाठी तुमी मालकापाशी खोटं बोलले साहेब. नोकरी घालवली."

"खोटं? हेमला, मी खरं तेच सांगतलं."

हेमलानं इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आता कायले लपवता? तुमाले तं समजलंच होतं. आमच्यात लगीन व्हायच्या आंधी लेकरू मेलं तं जाळत नाही, पुरतात. तुमच्या त्या अकरा खुंट्या त्याच मातीवर होत्या, हिरीचे दोन लेकरं तिथंच हायेत. म्हून मीच त्या उपटून बारा पावलं वर, चढाकडं ठोकल्या."