संचासमोर उपस्थित

मंद्रूपच्या चावडीत पंचायतीचा रेडिओ लागला होता आणि सतरा बाप्ये मांडी घालून महिलांचा कार्यक्रम ऐकत होते. श्रोत्यांची पाहणी करायला सोलापुरातून जीपने आलेल्या प्राध्यापकांनी पेन फिरवत माणसं मोजली. पुरुष सतरा, स्त्रिया शून्य.

"बायका ऐकतच नाहीत. कार्यक्रम बंद करा म्हणून रेडिओच्या समितीला कळवू," ते म्हणाले. समिती त्यांच्या अहवालाचीच वाट पाहत होती.

"सर, बायका भिंतीमागं आहेत," त्यांच्यासाठी फॉर्म भरणारी दाक्षायणी म्हणाली. "आत सासरे, दीर बसतात ना. रोज तिथूनच ऐकतात."

"फॉर्मात काय छापलंय? संचासमोर उपस्थित. भिंतीला रकाना नाही."

दाक्षायणी मागं गेली. उकिरड्याशेजारी तेवीस बायका भिंतीला कान लावून उकिडव्या बसल्या होत्या. मल्लव्वाच्या मांडीवर नातू. दोन दिवसांच्या जुलाबानं पोर चिपाड झालं होतं, आणि आज जुलाबावर द्यायचं पाणी कसं करायचं ते रेडिओवर सांगणार होते.

"आत चला, नाहीतर कार्यक्रम बंद करतील."

"मामंजी हायत की तितं!" एक सून म्हणाली.

"चल गं, खात न्हाईत त्ये," म्हणत मल्लव्वा उठली.

पदर ओढून बायका आत आल्या. बायकांत बसणं बरं दिसत नाही म्हणून सतराच्या सतरा बाप्ये धोतरं झटकत बाहेर गेले.

प्राध्यापकांचा चेहरा उजळला. त्यांनी लिहिलं आणि वाचूनही दाखवलं : "महिला कार्यक्रमामुळे शंभर टक्के पुरुष श्रोते उठून जातात."

"आणि या तेवीस?"

"त्या तुम्ही बोलावून आणल्या, दाक्षायणीबाई. नमुना नासला. धरता येत नाहीत."



"तांब्याभर उकळून गार केलेल्या पाण्यात मूठभर साखर," रेडिओतली बाई सांगत होती, "आणि मीठ—"

प्राध्यापकांनी बटण फिरवलं. निरीक्षण संपलं होतं. पंचायतीची बॅटरी उगाच कशाला जाळायची?

दाक्षायणीनं झेप घेऊन रेडिओ परत लावला. जुना संच, तापायलाच मिनिट गेलं. आवाज आला तेव्हा बाई नमस्कार म्हणत होती. मग गुळाचे भाव सुरू झाले. बाप्ये दारात येऊन खाकरले, बायका उठल्या.

मल्लव्वा उठली नाही.

"सायेब, मीठ किती म्हनली ती?"

प्राध्यापकांनी फॉर्म पाहिला. मग उलटून, मागच्या बाजूनंही पाहिला.