तेजस्विनी परत हसते

भाकरी थापता थापता तेजस्विनीने स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि एकटीच हसली. शेजारी नारळ किसत बसलेल्या सासूचा, वत्सलाबाईंचा, हात आदोळीच्या पात्यावरच थांबला. त्या उठल्या, पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि मुलाच्या कानाशी लागून म्हणाल्या, "दत्ता, ती परत हसता."

दत्तप्रसाद खाणीवर टिपर चालवायचा. आज तो पायात बूट घालून निघालाच होता. त्याने बूट काढले. पोटात दुखतंय म्हणून मुकादमाला फोनवर सांगितलं आणि बायकोच्या स्कूटरची चावी हळूच खिशात टाकली.

मुळगावच्या त्या घरात हसणं ही साधी गोष्ट राहिली नव्हती. सहा वर्षांपूर्वी सगळं हसण्यातूनच सुरू झालं होतं. पाच दिवसांत मिळून तेजस्विनी जेमतेम आठ तास झोपली, आणि थकायचं नाव नाही. कपाटातल्या साड्या वाड्यावरच्या अर्ध्या घरांना वाटून आली. भर दुपारी देवळाच्या मंडपात एकटीच फुगडी घालत सुटली. बायका जमल्या, आधी हसल्या, मग हसेनाशा झाल्या. म्हापशाच्या डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. गोळ्या दिल्या आणि दत्ताला बजावलं, "ती काय बोलते त्यापेक्षा ती किती झोपते ते बघा. झोप कमी आणि उत्साह जास्त, असं दिसलं की लगेच मला फोन."

दत्ताने ते इतकं मनावर घेतलं, की त्या दिवसापासून घरात सकाळचा पहिला शब्द "किती निजलंस?" हाच. तिने नवी साडी नेसली, किती निजलंस? टीव्ही बघताना मोठ्याने हसली, किती निजलंस? हळूहळू तेजस्विनीने मोठ्याने हसायचंच सोडून दिलं.

आणि आता तीन दिवस झाले, तिला काय झालं होतं कोण जाणे. धुणं वाळत घालताना तिचे पाय ताल धरत. बादलीसकट अंगणात फिरली आणि अर्धं पाणी कोंबड्यांवर गेलं, तर कोंबड्यांची धावपळ बघून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मागल्या दारी उभी राहून फोनवर कुणाशी तरी कुजबुजायची आणि कोणी आलं की गप्प.

दत्ता गोठ्यामागे गेला आणि त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. हसणं, गिरक्या, कुजबुज, कोंबड्या, सगळं एका दमात सांगितलं.

"झोप?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी साडेआठ तास. मंगळवारी आठ. काल दहाला निजली, सकाळी साडेसहाला हलवून उठवली."

"मध्ये जाग?"

"नाही. घोरत होती."

"गोळ्या?"

"माझ्यासमोर घेते."

"आणि ती घोरत होती हे तुम्हाला कसं कळलं?"

"मी जागाच होतो."

"तिन्ही रात्री?"

दत्ताने जांभई दाबली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्या दोघंही या, मी तिला बघते. पण एवढी शांत झोपणारी बाई मला आजारी वाटत नाही. तुम्ही आधी तिलाच विचारा, आनंद कसला झालाय?"

फोन बंद झाला तरी दत्ता तो कानाला लावून उभा होता. सहा वर्षांत त्याने बायकोला शेकडो प्रश्न विचारले होते. हा एक कधी सुचला नव्हता.

तो स्वयंपाकघरात आला. "तेजू, तुका आनंद कसलो झालो गे?"

तेजस्विनीचा हात तव्यावर थांबला. तिने त्याच्याकडे नीट बघितलं, थट्टा तर नाही ना म्हणून. आणि मग बांध फुटावा तसं बोलू लागली. रविवारी चंद्रावतीमामीचा फोन आला होता. वाड्यावरच्या बायकांचा फुगडीचा संघ मामींचाच. यंदा गणेशचवथीला डिचोलीत स्पर्धा होती, आणि गाणी सांगायला पुढे कोणी नव्हतं. सहा वर्षं त्या बायकांनी तिला बोलावलं नव्हतं. मंडपात हसेनाशा झाल्या होत्या, त्याच त्या बायका. आता म्हणत होत्या, गाणी तुलाच येतात, पुढे तूच उभी राहा.

"मग आमका सांगूक नाय कित्याक?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही आधी झोप विचारली असती."

तव्यावरची भाकरी करपली. मग दाराआड उभ्या वत्सलाबाई आत आल्या, त्यांनी पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हात सुनेपुढे धरले. "पयली फुगडी माझ्यावांगडा घाल बघू. गुडघे गेले तर जावंदे."

सासू-सून चुलीपुढे अशा गरगरल्या, की फळीवरचे डबे वाजू लागले. दत्ताला हसू आवरेना. हसता हसता त्याचं डोकंही गरगरलं आणि त्याने चौकट धरली. तेजस्विनीने त्याच्या खिशातून आपली चावी काढून घेतली, त्याला धरून खोलीत नेलं आणि खाटेवर आडवं केलं.

जेवणं झाल्यावर चंद्रावतीमामी सगळ्या बायकांना घेऊन सरावाला आल्या. आता लपवायचं काही उरलं नव्हतं. चौदा बायका अंगणात दिवेलागणीपर्यंत टाळ्या पिटत, फूऽऽ फूऽऽ करत, जमीन हादरेल अशा नाचल्या. खिडकीच्या आत दत्तप्रसाद घोरत होता. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याचा एकही कान जागा नव्हता.