घट्ट बूच

"आठव. कुठला तरी वास लागला असणार," अण्णा म्हणाले.

जमना आठवू लागली. गेले आठ महिने ती हेच करत होती. नवऱ्याचा, महादूचा खोकला हटला नाही की तिने चूक शोधायची, आणि चूक सापडायचीच. एकदा शेजारच्या लग्नातलं अत्तर निघालं. एकदा आरतीचा कापूर. एकदा महादूनेच लपून लसणीची चटणी खाल्ली होती. आज पहाटे मात्र खोकल्याबरोबर रक्त पडलं होतं, आणि रक्ताला पुरेल एवढा मोठा वास काही तिला आठवेना.

अण्णा केळव्याच्या शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावर नारळ-सुपारीची वाडी बघता बघता पुस्तकं वाचून ते होमिओपॅथीचे डॉक्टर झाले. माणूस सरळ. कुणाकडून पैसा घेत नसत. साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या बाटलीत भरून देत आणि बजावून सांगत, हे औषध फार नाजूक, उग्र वासाने त्याची शक्ती उडून जाते. कांदा, लसूण, हिंग, कापूर सगळं बंद. सुकी मासळी तर घराच्या आसपासही नको. स्वतः ते दिवसभर तपकीर ओढत, पण औषध काही त्यांना घ्यायचं नव्हतं.

औषधाला वास सोसत नाही, आणि कोळीवाड्यातल्या घरात वासाशिवाय दुसरं असतं काय? पण नवरा जगायला हवा होता. जमनाने बोंबील वाळवायचे बांबू उपटून जावेला देऊन टाकले. समुद्रकाठच्या दांड्यावरचं घर बंद केलं आणि महादूला घेऊन ती लांब एका वाडीच्या कडेच्या रिकाम्या खोपटात राहायला गेली. डोक्यावर टोपली घेऊन बाजार गाजवणारी बाई दुसऱ्यांच्या वाड्या शिंपू लागली. कांदा-लसणीशिवायच्या कालवणाला दोघं गेले आठ महिने कालवण म्हणत होती, ही त्यांची मेहरबानीच.

तिचा भाऊ दादू बोईसरच्या नव्या कारखान्यात लागला होता. तिथल्याच सालवड गावात राहायचा, तिकडून आला की दर वेळी म्हणे, "पालघरला नेऊ, छातीचा फोटो काढू." अण्णा म्हणत, "इंजेक्शनांनी रोग आत दाबला जातो, मुळातून जात नाही." दोघांत शिकलेले अण्णा. जमनाने शिकलेल्याचं ऐकलं.

"बाटली उघडी राहिली होती का?" अण्णांनी विचारलं.

"नाय अण्णा. बूच घट्ट लावते. वरनं फडकं बांधते."

"मग महादूनेच पुन्हा काही खाल्लं असेल. विचार त्याला."

नवी बाटली द्यायला त्यांनी औषधांचं कपाट उघडलं. तेवढ्यात त्यांची बायको शालूताई स्वयंपाकघरातून आली. आषाढ होता. होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, ताजी मासळी कुठेच नव्हती.

"उघडलंच आहे कपाट, तर ते वरचं गाठोडं काढून द्या," ती म्हणाली. "डब्यातले बोंबील संपले."

गाठोडं खाली आलं. जमनाने ते लगेच ओळखलं. तिच्याच हिरव्या लुगड्याचा तुकडा होता. बांबू जावेला देण्याआधी तिने वाळवलेले शेवटचे बोंबील त्यात होते. अण्णा पैसे घेत नाहीत म्हणून औषध सुरू केलं त्याच दिवशी तिने ते आणून दिले होते.

"हे हितं कवापासून हायत?" तिने विचारलं.

"तू दिलेस तेव्हापासून," शालूताई म्हणाली. "घरात या एकाच कपाटाचं दार घट्ट बसतं. पावसात सादळत नाहीत, मांजरही पोचत नाही."

अण्णा कपाटाकडे बघत राहिले. वरच्या फळीवर बोंबील, खालच्या तीन फळ्यांवर औषधं. तपकिरीने मेलेल्या त्यांच्या नाकाला आठ महिने काही कळलं नव्हतं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते जरा अडखळले.

"त्याने काही बिघडत नाही," ते म्हणाले. "औषधाच्या बाटल्यांची बुचं घट्ट असतात."

"माझ्या बाटलीचं बूच पन घट्टच होतं, अण्णा."

ती रागावली नव्हती. रागवायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं. नवी बाटली तिने टेबलावरच राहू दिली, डोक्यावर इरलं घेतलं आणि ती पावसात चालू लागली.

दुसऱ्या दिवशी ती आणि दादू महादूला पालघरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. सगळीकडे फिनेलचा वास येत होता. बाकावर शेजारी बसलेल्या बाईने डबा उघडला तसा लसणीच्या फोडणीचा वास सुटला. महादूने सवयीने पंचा नाकाला लावला. जमनाने तो हलकेच खाली केला.

डॉक्टर वयाने लहान होता. त्याने फोटो खिडकीपुढे धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"दोन्हीकडे पसरलंय," तो म्हणाला. "सुरुवातीलाच आणलं असतंत तर बरे झाले असते. आता इंजेक्शनं चालू करू, पण मी शब्द देत नाही." मग त्याने कागद पुढे ओढला. "इतके महिने काय उपचार केले, बाई?"

जमना आठवू लागली. बांबू आठवले, बंद घर आठवलं, टोपली आठवली, अत्तर, कापूर. डॉक्टर पेन धरून थांबला होता.

"कांदा नाय खाल्ला," ती म्हणाली.