काडेपेटीएवढा अ‍ॅम्प

अभय गेल्यापासून त्याच्या गिटारची तार जरी वाजली, तरी आई उठून बाहेर जायची. म्हणून त्याची बहीण सुकेशनी छावणीतल्या दुकानात गिटारचा आवाज वाढवणारा काडेपेटीएवढा अ‍ॅम्प बघायला आली होती. मोठ्या अ‍ॅम्पचे सगळे आवाज नुसते हेडफोनमध्ये, आणि फुलंब्रीच्या कार्यक्रमात साउंडवाल्याच्या मशीनला जोडला की झालं, नेताना ओझं नाही. भावाशिवाय त्यांच्या गायन पार्टीचा हा पहिलाच कार्यक्रम, आणि त्याची गिटार आता तीच वाजवणार होती.

दुकानदारानं नवं खोकं फोडलं. तिनं हेडफोन कानाला लावला, तर आत गिटारवर त्यांच्याच पार्टीचं गाणं चालू होतं.

कडव्याआधी गिटार थांबली. अभय तिथंच थांबायचा, तिच्याकडं बघायचा आणि म्हणायचा, "घे ना, सुकू." मग ती गायला लागायची.

तिनं घाईनं हेडफोन काढला.

"ह्यात गाणी भरलेली असतात का?"

"नाय ताई. आन् गिटार तर अजून लावलीच नाय आपण."

तिनं हेडफोन त्याच्यापुढं धरला. त्यानं तो स्वतःच्या कानाला लावला. आवाज वाढवून तो ऐकत राहिला.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "सुकू कोण हाय? कधीचा थांबलाय तो."