उजवीकडून आलेली हाळी

आमच्या व्हेनिसमध्ये आंधळ्या वळणावर गोंडोला घालण्याआधी हाळी द्यावी लागते, "डावाऽऽ" किंवा "उजवाऽऽ". समोरून उत्तर आलं तर थांबायचं, त्याला वाट द्यायची. पांढऱ्या पुलाच्या वळणावर मात्र माझे वडील, तेही नावाडीच, हयातभर गप्प राहिले. तिथला उजवा कालवा केव्हाच बुजवलाय. आता नुसती भिंत आहे.

मी तिथे वल्हं थांबवलं, तशी नावेत बसलेली नॉर्वेची प्रवासी सिग्रिड खुलली. "हीच ना ती दंतकथेतली जागा, जिथे मेलेले नावाडी हाळीला उत्तर देतात? द्या ना हाळी!"

"बाई, इथे देत नाहीत."

"घाबरलात वाटतं!" तिचा नवरा हसला.

ते मला झोंबलं. मी ओरडलो, "डावाऽऽ!"

"उजवाऽऽ!" भिंतीतून उत्तर आलं.

"प्रतिध्वनी!" नवऱ्याने टाळी वाजवली.

प्रतिध्वनी शब्द बदलत नाही. मी नाव कडेला घेतली. समोरून काहीच आलं नाही, तरी पाणी फुगलं, आम्ही डोललो आणि लाट मागे निघून गेली.

सिग्रिड वळून माझ्या पाठीमागे बघत होती. "तुमची बोली मला कळत नाही हो. ते आजोबा आत्ता काय म्हणाले?" आणि ऐकलेले शब्द तिने अडखळत, एकेक करून उच्चारले.

"मोम्या, जरा सरक."

मोम्या मला फक्त वडील म्हणायचे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

माझ्या पाठीमागे कुणीतरी पाय ठेवावा, तशी नाव हळूच दबली.