वामकुक्षी

जेवण झाल्यावर कुमुदिनीबाई नेहमीसारख्या डाव्या कुशीवर कलंडल्या आणि त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा नातसून मृदुला रडत होती आणि एक तरुण डॉक्टर त्यांची नाडी बघत होता.

"गोळी न घेता झोपल्या?" त्याने विचारले.

"हो ना. एरवी दुपारी मी घरी नसते. आज हाका मारल्या, उठेनात. मी घाबरून ॲम्ब्युलन्स बोलावली."

कुमुदिनीबाईंना हसावे की रडावे कळेना. या पिढीला पाळण्यापासून झोपेसाठी मेलाटोनिनची गोळी. आपली आपण झोप येते, हेच त्यांना ठाऊक नव्हते. बाईंच्या लहानपणी लग्नाची पंगत उठली की माणसे मांडवातच सतरंजीवर ओळीने घोरत पडायची.

"आजी, आजपासून गोळी सुरू करू. मग असे झटके येणार नाहीत," डॉक्टर म्हणाला.

"आणि माझी झोप?"

"ती कायमची बंद होईल. गोळीची येईल."

"म्हणजे जिवंत झऱ्याची विहीर बुजवून टँकर लावायचा. कुठल्या कॉलेजात शिकवतात रे हे?"

बोलता बोलता त्यांनी लांबलचक जांभई दिली. ती बघून मृदुलाचाही जबडा उघडला आणि डोळ्यांत पाणी आले.

"डॉक्टर, मला काय होतंय?"

"लागण झालीय. ही गोळी घ्या आधी."

"थांब गं," कुमुदिनीबाई म्हणाल्या, "ती तुझी स्वतःची झोप आहे. येऊ दे तिला."

मृदुलाने पाण्याचीही वाट न पाहता गोळी गिळली.

"हिलाच ने तुझ्या गाडीतून," कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि डॉक्टरने बॅग मिटायच्या आत घोरू लागल्या.