मागची सीट

तिसऱ्या शोरूममध्येही सासूबाई सरळ एसयूव्हीच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. सुनेने कपाळाला हात लावला. सात सीटचीच गाडी घ्यायची, हा हट्ट सासूबाईंचाच. त्यांच्या मुलाने प्रत्येक गाडीला अपघात चाचणीत मिळालेले स्टार तोंडपाठ केले होते, पण यांचं एकच पालुपद, “मागे बसणाऱ्याचं काय?” पहिल्या गाडीत मागे डोकं नीट टेकत नव्हतं, म्हणून ती नापास. दुसरीत बाजूची एअरबॅग मधल्या रांगेपर्यंतच होती, म्हणून तीही नापास.

“आजी, तुम्ही पाचच जण ना?” सेल्समन हसत म्हणाला. “मागे फक्त बॅगा जाणार!”

“बॅगा नाही, माणूस बसणार आहे. बाजूची एअरबॅग इथपर्यंत येते का, ते सांग.”

“येते की!”

सासूबाईंनी सीटबेल्ट दोनदा हिसका देऊन पाहिला आणि खूश होऊन मान डोलावली.

“अहो आई, पण मागे बसणार तरी कोण?” सून वैतागून म्हणाली.

“तुझी आई. तुझे बाबा गेल्यापासून एकट्याच राहतात त्या. तू तोंड उघडणार नाहीस हे मला ठाऊक होतं, म्हणून मीच फोन केला. आढेवेढे घेत का होईना, हो म्हणाल्यात आपल्याकडे राहायला यायला.”

गाडीचं दार धरून उभ्या असलेल्या सुनेचे डोळे भरून आले.

“अगं, रडतेस काय? आत ये आणि इथे बसून बघ. विहीणबाई तुझ्याएवढ्याच उंच आहेत. त्यांचे गुडघे मावतील ना?”